दादाच्या मापाची हवा

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, दुपार. जागा : बोईसर, आमचं राहतं घर. हजर : मी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली, हे, नाइट शिफ्ट करून आलेले आणि आतल्या खोलीत झोपलेले, वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, शिरगावहून पूजेची पानं-फळं घेऊन आलेली. गैरहजर : आमची मुलगी, पुण्याला शिकायला. आणि दादा, म्हणजे तोच थोरला भाऊ. त्याचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं.

मी कोळगावला जिल्ह्याच्या कार्यालयात नोकरी करते. बैठकांची टिपणं लिहिणं माझ्याकडे असतं, त्यामुळे कुठलीही गोष्ट लिहायची तर आधी हजेरी लिहिली जाते. त्या दुपारी कोण कुठे होतं, हे पुढे फार मोलाचं ठरलं म्हणूनही लिहिते.

पूजेच्या कलशात ठेवायला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. आंबा, चिकू, पेरू, फणस आणि जांभूळ, सगळं वहिनीच्या वाडीतलं. दरवर्षी ती स्वतः घेऊन येते. दादा गेल्यापासून मात्र ती देव्हाऱ्याच्या खोलीत बसत नाही. मी आग्रह करते, ती ऐकल्यासारखं करते आणि स्वयंपाकघरातच टेकते. त्या दिवशीही ती जमिनीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, आणि भिंतीपलीकडे यांचं घोरणं नेहमीसारखं चाललेलं.

यांचं घोरणं हा आमच्या इमारतीतला जुना विनोद. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, तुमच्याकडे पिठाची गिरण टाकली का, आमचंही दळण पाठवतो. मुलीने तर ते घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं होतं आणि तिच्या बाबांचा फोन आला की तेच वाजायचं. त्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच सगळं बंद पडतं, मग एकदम फुर्रकन सुरू होतं. तो बंद पडलेला भाग आम्हाला सगळ्यात आवडायचा. मुलगी म्हणायची, इंजिन बंद पडलं, धक्का मारा.

मी कलशाला दोरा गुंडाळत होते. वहिनीचे हात थांबले.

"थांबलं," ती म्हणाली.

मी विचारलं, काय थांबलं. तिने हात वर करून मला गप्प केलं. कुकर लागला नव्हता, पंखा बंद होता, रस्त्यावरही कोणी नव्हतं. भिंतीपलीकडून काहीच येत नव्हतं. मी वाट बघत राहिले, आता फुर्रकन होईल. झालं नाही. वहिनी उठली. यांच्यासमोर पदर सारखा करून उंबऱ्याबाहेरून बोलणारी बाई सरळ आत गेली, यांच्या पायाचा अंगठा पकडला आणि जोरात ओढला.

विहिरीत खोल बुडी मारलेला माणूस वर येतो तसा यांनी श्वास घेतला. डोळे उघडले नाहीत. कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागले.

वहिनी स्वयंपाकघरात परत आली, पण शेंगांना हात लावला नाही.

"वन्सं, हे रोज हाय?"

"घोरतात रोज."

"घोरण्याचं नाय विचारत. थांबण्याचं विचारते."

पंचवीस वर्षांच्या संसारात मी घोरणं ऐकलं होतं, थांबणं ऐकलं नव्हतं. थांबलं की मला बरं वाटायचं आणि झोप लागायची.

दादाचंही असंच होतं. झोपेत श्वास अडकायचा. त्याची मुंबईला तपासणी झाली होती आणि तो रात्री नाकाला मास्क लावून, दाबाने हवा सोडणाऱ्या मशीनवर झोपायचा. पण ओटीवरच्या झोपाळ्यावर दुपारी जेवून आडवा व्हायचा तेव्हा मशीन लावायचा नाही. दुपारची झोप ती काय झोप, म्हणायचा. एका दुपारी वहिनी अंगणात मिरच्या वाळत घालून परत आली, तोवर तो झोपाळ्यावर गेलेला होता. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. वहिनीने मनात वेगळं लिहिलं. दोन्हीतलं कुठलं खरं ते आता कोणालाच कळणार नाही, पण तिच्या मनातलं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं आणि मी उठून यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. कारण हे स्टीलच्या कारखान्यात क्रेन चालवतात. महिन्यातले कितीतरी दिवस नाइट असते. म्हणजे यांची मुख्य झोपच दुपारची.

संध्याकाळी वहिनी निघताना म्हणाली, ते मशीन घेऊन जा. आता त्याचा धनी सापडला.

याला कारण आहे. दादाच्या बाराव्याला शय्यादान झालं. गुरुजींना गादी, उशी, चादर, छत्री, चपला, तांब्या दिला. आमच्यातल्या कोणीतरी दादाचं मशीनही त्या गादीवर ठेवलं. रोज उशाला असायचं, म्हणजे अंथरुणातलंच, असा त्यामागचा विचार. गुरुजींनी विचारलं, हे काय. सांगितल्यावर म्हणाले, हे मी नेऊन काय करू, ज्याला लागतं त्याला द्या. त्यांनी सहज म्हटलं असेल. वहिनीने ते विधीचा भाग म्हणून धरून ठेवलं. बाकीचं शय्यादान पोचलं, हे एक राहिलं, असं ती धरून बसली होती. मलाही त्यात काही चूक दिसली नाही. उलट वाटलं, किती सोपं झालं. दादाने वापरलेलं, चांगलं चालणारं मशीन, घरातल्या घरात.

रविवारी आम्ही शिरगावला जाऊन ते आणलं. वहिनीने जुन्या साडीची पिशवी शिवली होती. मास्क रिठ्याच्या पाण्याने धुऊन वाळवला होता. तो हातात घेताना मला दादाच्या चेहऱ्याचा आकार जाणवला आणि मी तो पटकन पिशवीत टाकला.

आल्यावर त्याच दुपारी यांनी मास्क लावला, आरशात पाहिलं आणि म्हणाले, विमान कुठे उभं केलंय? मी हसले. मग ते झोपले आणि घोरणं बंद. नुसता हवेचा बारीक आवाज. मी त्या दुपारी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि गुरुवारपासूनची भीती उतरली असं मला वाटलं. कामांच्या यादीत "मशीन" समोर बरोबरची खूण केली.

पण पुढच्या दिवसांत यांची तक्रार सुरू झाली. पोटात हवा भरते, फुग्यासारखं होतं. नाकावर वारा आदळतो, तोंड उघडतं. झोपून उठले तरी डोळे जड. मी म्हटलं, सवय होईल. शनिवारी मला सुट्टी होती. हे पुन्हा नाइट करून आले, मास्क लावून झोपले. मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. मशीन वारा सोडत होतं, घोरणं अजिबात नव्हतं. सगळं शांत आहे म्हणून मी सहज यांच्या छातीकडे पाहिलं.

छाती हलत नव्हती.

मशीन चालू होतं, नळीतून वारा येत होता, आणि छाती हलत नव्हती. मी पोटावर हात ठेवला. पोटही नाही. मला आधी वाटलं, आपल्याच हाताला कळत नाहीये. घोरणं असताना निदान थांबलं हे ऐकू तरी यायचं. आता मशीनच्या आवाजाखाली ते ऐकूही येत नव्हतं. मी मास्क ओरबाडून काढला आणि यांना हलवलं. हे दचकून उठले, माझ्यावर चिडले, आत्ता तर डोळा लागला होता म्हणाले. मी फक्त मशीनची पिन भिंतीतून उपटली आणि हातात धरून बसले.

संध्याकाळी आम्ही मोटरसायकलवर स्टेशनजवळच्या सर्जिकलच्या दुकानात गेलो. तिथे व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनची मशीनं भाड्याने मिळतात. दुकानदार हिंदी बोलणारा, पन्नाशीचा. मी साडीच्या पिशवीतून दादाचं मशीन काढून काउंटरवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तसंच, याच्याऐवजी चांगलं मशीन भाड्याने द्या, असंही सांगितलं.

त्याने विचारलं, हे कोणाचं. मी सांगितलं. साहेबांचा रिपोर्ट कुठे आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, रिपोर्ट नाही. डॉक्टरची चिठ्ठी? तीही नाही. त्याने मशीन माझ्याकडे परत सरकवलं.

"भाभी, इसमें आपके भाई का प्रेशर सेट है. भाईसाहब का नहीं."

मग त्याने समजावून सांगितलं. आत आकडा बसवलेला असतो, ज्याच्या त्याच्या तपासणीतून आलेला. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर काहींचा श्वास उलटा अडतो. दुसऱ्याचा चष्मा लावून गाडी चालवाल का, असं त्याने विचारलं. तपासणीचा रिपोर्ट, डॉक्टरची चिठ्ठी आणि तिच्यावर प्रेशर लिहिलेलं, एवढं असेल तरच मशीन बाहेर जाईल, भाड्याने असो की विकत. मी वाद घातला. आम्ही इथलेच आहोत, ओळखपत्र देते, सरकारी नोकरी आहे. तो म्हणाला, ओळखपत्र लागणारच आहे, पण ते चिठ्ठीच्या जागी चालत नाही. कागद पूर्ण करून या.

कागद पूर्ण करून या, हे वाक्य माझं आहे. कार्यालयात मी ते रोज कितीजणांना सांगते. शेजारी उभे असलेले हे तेवढ्या काळजीतही गालात हसले.

"आता कळलं समोरच्याला कसं वाटतं ते?" बाहेर आल्यावर म्हणाले.

पण चिठ्ठीचं नाव काढल्यावर यांचा चेहरा बदलला. यांच्या कारखान्यात क्रेनवाल्यांची दरवर्षी तपासणी होते. डोळे, कान, रक्तदाब. फिट लिहिलं तर वर चढायचं. यांच्याबरोबरच्या एकाला आकडी येते असं कुठल्यातरी कागदावर आलं आणि त्याला गेटवर बसवलं. क्रेनवरचा माणूस शेडमध्ये मोठा असतो, खाली सगळे त्याच्या हाताकडे बघत असतात. गेटवर बसलेल्याकडे कोण बघतं? झोपेचा आजार असा कागद एकदा यांच्या नावाने तयार झाला की तो फिरत फिरत कारखान्यात जाणार, हे यांच्या डोक्यात पक्कं होतं. दुकानदाराला कागद हवा होता, आणि यांना कागदच नको होता.

यांनी मग फोनवर दुसरा विक्रेता शोधला. तो कुठल्यातरी लांबच्या शहरातला, काहीही न मागता मशीन कुरिअर करायला तयार. चिठ्ठी नको, रिपोर्ट नको, मशीन आपोआप जुळवून घेतं, सर. हे मला फोन स्पीकरवर लावून ऐकवत होते. मला तो गोड आवाज आवडला. खरंच सांगते, मला वाटलं, सुटलो. मग मला तो शनिवार आठवला. गोड आवाजाचा माणूस त्या खोलीत येऊन छातीवर हात ठेवणार नव्हता. मी यांना म्हटलं, आज नको, विचार करू. हे म्हणाले, विचार काय करायचाय, पत्ता सांग. तिथेच आमचं भांडण झालं आणि दोन दिवस आम्ही भाजी-आमटीपुरतं बोललो.

तिसऱ्या दिवशी माझी बस चुकली म्हणून हे मला कोळगावला सोडायला निघाले. नाइट करून आले होते, आंघोळ करून ताजे दिसत होते. औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडताना नाक्यावर लोखंडाने भरलेला एक लांबलचक ट्रेलर वळत होता. सगळी वाहनं थांबली, आम्हीही. इंजिन चालू, यांचे दोन्ही पाय जमिनीवर. मी मागे बसून ट्रेलरची चाकं बघत होते.

यांची पाठ जड झाली. आधी मला वाटलं, मागे रेलले. मग हेल्मेट पुढे लोंबलं, एक पाय ढिला पडला आणि मोटरसायकल हळूच ट्रेलरच्या बाजूला कलायला लागली. मी मागून यांचा शर्ट दोन्ही हातांनी धरला आणि पाय टेकला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. हे जागे झाले, ट्रेलर गेला होता, रस्ता मोकळा होता. यांनी सवयीने गिअर टाकायला पाय उचलला. मी पुढे हात घालून चावी काढून घेतली.

आम्ही गाडी ढकलत चहाच्या टपरीपर्यंत नेली. टपरीवाल्याने विचारलं, पेट्रोल संपलं का. हे हो म्हणाले. चहा समोर आला. यांनी कपाला हात लावला नाही.

"वरपण झालंय," हे म्हणाले.

"वर म्हणजे?"

"केबिनमध्ये. मागच्या आठवड्यात. हूकला बंडल होतं. डोळे उघडले तेव्हा ते हवेत झुलत होतं, आणि कुठून उचललं ते आठवेना."

मी विचारू की नको असं करून विचारलं. "खाली माणसं होती?"

"खाली माणसं असतातच."

ट्रेलरच्या चाकांपेक्षा मला त्या वाक्याची भीती जास्त वाटली. ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशी पिवळ्या हेल्मेटची डोकी माझ्या डोळ्यांसमोर आली, वर न बघता काम करणारी. वरच्या माणसावर विश्वास असतो म्हणून खालचे वर बघत नाहीत. हे इतके दिवस एकट्याने मनात घेऊन जगत होते, आणि मी यांच्याशी कुरिअरवरून भांडत होते.

त्याच दिवशी यांनी कंबरेचं कारण सांगून रजा टाकली. मी पालघरच्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर बाई होत्या, तरुण, कमी बोलणाऱ्या. मी प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी ते बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, घोरणं कसं आहे, मध्ये थांबतं का. सांगण्यापेक्षा ऐकवावं म्हणून मी मुलीला फोन करून ते रेकॉर्डिंग मागवलं. दवाखान्याच्या त्या खोलीत ते लागलं. बाबांचा फोन आल्यावर वाजणारं, सगळ्यांना हसवणारं. बंद पडण्याचा भाग आला. खोलीत आम्ही तिघं होतो आणि कोणीच हसलं नाही. डॉक्टरांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. हे भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत होते. आपलं थांबणं यांनी कधी ऐकलंच नव्हतं, ऐकणार तरी कसे.

तपासणी घरीच झाली. नाइटच्या सवयीने यांची झोप रजेतही दुपारची, म्हणून तंत्रज्ञ सकाळी येऊन छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाला नळी लावून गेला. हे म्हणाले, या तारा बघून कोणाला झोप लागते? मग पाठ टेकताच लागली. मी दाराबाहेर बसून राहिले. आत जाऊन अंगठा ओढायचा नाही, अशी सक्त सूचना होती. जे थांबेल ते थांबू द्यायचं होतं, मशीनला मोजू द्यायचं होतं. मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात अवघड काम. प्रत्येक शांततेला मी उठायची, दाराच्या कडीला हात लावायची आणि पुन्हा बसायची.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाल्या, त्रास बराच आहे, पण उपाय आहे, आणि उपाय वेळेवर सापडलाय. दादाचं मशीनही मी दाखवलं. त्यांनी ते बंद ठेवायला सांगितलं. प्रेशर यांच्या गरजेच्या कितीतरी वरचं होतं आणि मशीनही जुनं झालं होतं. आधी भाड्याने घ्या, अंगाला बसतं का बघू, मग विकत, असं ठरलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली. मशीनचा प्रकार, प्रेशर, मास्क कसला, सगळं. मग दुसरा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं की पुढच्या भेटीपर्यंत उंचावरचं काम आणि वाहन चालवणं बंद. हा कागद कारखान्यात द्यायचा, हे त्यांनी यांच्याकडे बघून सांगितलं, माझ्याकडे बघून नाही. यांनी कागद घेतला, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

सर्जिकलच्या दुकानात मी पहिला कागद ठेवला, रिपोर्ट ठेवला, ओळखपत्र ठेवलं. दुकानदाराने शब्दन् शब्द वाचला, आकडा बसवला, यांच्या नाकावर मास्क लावून मापं पाहिली. मग यांच्या खिशातून डोकावणाऱ्या घडीकडे त्याने बोट दाखवलं. असा दुसरा कागद त्याने बहुतेक बरेचदा पाहिला असावा.

"वो वाला भी दे देना, भैया. जहाँ देना है."

यांनी ती घडी खिशात आणखी खाली सारली.

नवं मशीन यांना बसलं. छाती वर येते, खाली जाते. पहिले काही दिवस मी शेजारी बसून बघायची. आता दारातून बघते. भीती गेली असं नाही, तिची जागा बदलली. आता ती त्या घडी घातलेल्या कागदात आहे.

या रविवारी दादाचं मशीन परत द्यायला मी एकटीच बसने शिरगावला गेले. वहिनीने पिशवी ओळखली आणि हात मागे घेतला.

"दिलेलं परत घेत नाय आमी. पोचलं ते."

मी सांगितलं, दान परत करत नाही, सांभाळायला देतेय. यांना दादाच्या मापाची हवा चालत नाही, पण तुझ्या त्या मशीनमुळेच खरं दुखणं सापडलं. तू अंगठा ओढला नसतास तर मी अजून रेकॉर्डिंग ऐकून हसत असते. तिला ते पटलं की नाही ठाऊक नाही. पिशवी मात्र तिने घेतली, ओटीवर झोपाळ्याच्या बाजूला ठेवली आणि भिंतीतल्या बटणाला मशीन लावलं. वारा सुरू झाला. ती खांबाला टेकून बसली.

तू दर दुपारी हे लावायचीस का, मी विचारलं.

"आवाज हाय म्हणून डोळा लागतो," ती म्हणाली. "तुमी नेलं तशी झोप नाय."

यादीत मी हे कुठे लिहिणार होते? ती आपली झोप आम्हाला देऊन बसली होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती. आम्ही दोघी बराच वेळ तो वारा ऐकत बसलो. मग तिने विचारलं, भावोजींनी कंपनीत सांगितलं का. मी म्हटलं, अजून नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, झोपाळ्याकडे पाहिलं.

परत येऊन मी यांना म्हटलं, आज रजा संपते, उद्या पहिली शिफ्ट आहे, कागद द्यायचा. हे म्हणाले, आता नीट झोपतो ना मी. मी म्हटलं, पुढच्या भेटीपर्यंत असं लिहिलंय, नीट झोपेपर्यंत असं नाही. हे म्हणाले, एकदा दिला की परत घेता येत नाही तो. यांना गेटवर बसवतील हे खरं असू शकतं. मी यांना म्हटलं, मी तुमच्याबरोबर गेटपर्यंत येते.

मी कागदाच्या घड्या उलगडून तो सरळ केला, झेरॉक्स माझ्या फाइलला लावली आणि मूळ कागद यांच्या डब्याच्या पिशवीत, बाजूच्या कप्प्यात ठेवला. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला गेले तर कागद फ्रिजवर, चुंबकाखाली. मी तो पुन्हा पिशवीत ठेवला. आता मी हे सगळं लिहायला बसण्याआधी पाहिलं, पुन्हा फ्रिजवर.

यादी : मशीन, झालं. मास्कची जादा पट्टी, झाली. मुलीला रेकॉर्डिंग काढून टाकायला सांगणं, झालं. पुढच्या भेटीची वेळ, घेतली. वहिनीची पिशवी, पोचली.

दुसरा कागद, कारखान्यात : बाकी.